पासवर्ड वैजनाथ

जवळा बाजारच्या स्टँडासमोर झेरॉक्सची तीन दुकानं आहेत. त्यातलं मधलं वैजनाथ कऱ्हाळेचं. या भागात कऱ्हाळे पुष्कळ, वैजनाथही शोधले तर चार-दोन निघतील, पण ‘पासवर्ड वैजनाथ’ एकच. हे नाव त्याला गावानं दिलं, आणि गावानं दिलेलं नाव सातबाऱ्यावरच्या नावापेक्षा पक्कं असतं. संगणकात पासवर्ड टाकायची वेळ आली की हा गडी खांद्यावरचा रुमाल काढून कीबोर्डावर पसरायचा, दोन्ही हात त्याखाली घालायचा आणि मगच बोटं हलवायचा. समोर आधार कार्डाची झेरॉक्स घ्यायला आलेली, इंग्रजीचं एक अक्षर न कळणारी म्हातारी बसलेली असली तरी हे चालूच. कॉलेजची पोरं विचारायची, “काका, अंडी उबवून राहिले का?” वैजनाथ हसायचा नाही. “कुलूप ते कुलूप,” एवढंच म्हणायचा आणि पुढच्या कामाला लागायचा.

स्वभाव बापाकडून आलेला. बाप व्यंकटराव पाटकरी होते. सिद्धेश्वर धरणाचं पाणी कालव्यातून चारीला येतं आणि चारीवरच्या एकेका दारातून शेतांना जातं. ही दारं उघडायची-लावायची ती पाटकऱ्यानं. व्यंकटरावांनी उभा जन्म त्यात घातला. त्यांचे दोन नेम होते. पहिला म्हणजे पाण्याच्या पाळीत कुणाचा लिहाज करायचा नाही. आधी शेवटच्या दाराला पाणी, मग एकेक दार उलटं वर चढत तोंडाकडच्या दाराला सगळ्यात शेवटी. तोंडाकडच्यांनी आधी हात मारला की शेवटच्या माणसाच्या रानात नुसती ओल पोचते, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं. त्यांचं स्वतःचं दोन एकर रान तिसऱ्या दारावर, पण चौदा दारांच्या चारीवर त्यांना पाणी मिळायचं ते बाराव्या नंबरानं. दुसरा नेम म्हणजे चावी फेकायची नाही. दारांची कुलुपं बदलली, काही दारं तर मोडून नवीन झाली, तरी जुन्या चाव्यांचा जुडगा म्हाताऱ्याच्या कमरेला कायम. “गंजली तरी ठिवावी,” म्हणायचे. “कवा कोन्तं दार आडून बसंल, सांगता येत न्हाई.”

व्यंकटराव गेले. चारी पाणीवापर संस्थेकडं आली आणि संस्थेचं सचिवपण वैजनाथकडं. दारावर जायचं काम विकास नावाच्या नव्या पाटकऱ्याकडं होतं. कोणत्या दाराला कधी पाणी, हे ठरवून लिहायचं काम वैजनाथचं. पूर्वी हे पाळीपत्रक देवळाच्या भिंतीवर खडूनं लिहीत. मग तांड्यावरचा माणूस पाच किलोमीटर चालत यायचा, तोवर कुणीतरी भिंतीला टेकून अर्धी यादी पाठीवर घेऊन गेलेला असायचा. वैजनाथला ते बघवेना. हिंगोलीच्या हरीश नावाच्या एका संगणकवाल्याकडं तो तीन महिने दर रविवारी गेला आणि शिकून आला. हरीशनं फुकट शिकवलं. वैजनाथ बारावी पास, त्यातून वय चाळिशीचं, पण त्यानं संस्थेची वेबसाइट उभी केलीच. माणूस मोबाइल उघडतो, आपलं दार बघतो, त्या दिवशी फावडं घेऊन रानात हजर होतो. दसऱ्याला संगणकाला हार घालून झाला की वैजनाथ हरीशला फोन करायचा आणि दरवर्षी तेच सांगायचा, “साहेब, तुमच्यामुळं चाललंय.” घेतल्या उपकाराची त्याला फार जाण होती.

आता थोडं या साइटीच्या पोटातलं सांगायला हवं, कारण पुढचं रामायण तिथंच घडलं. दारं, शेतकरी, पाळीचा क्रम हे सगळं एका डेटाबेसमध्ये होतं. रकाने पाडलेली मोठी वही समजा. ती वही ब्राउझरमधूनच उघडून तीत खाडाखोड करता येईल असं एक सॉफ्टवेअर हरीशनं बसवून दिलं होतं. पासवर्ड टाकला की वही उघडते. हरीश तेव्हाच म्हणाला होता, “ह्याची नवीन आवृत्ती येत राहती. नवीन टाकली की जुनी पुसून टाका बरं का.” तीन वर्षांपूर्वी वैजनाथनं नवीन आवृत्ती बसवली, तिला हातभर लांब पासवर्ड दिला. पण जुनी पुसायला त्याचा हात धजेना. नवीन आडून बसली तर? त्यानं ‘जुनं’ अशा नावाचा फोल्डर इंग्रजी अक्षरांत केला आणि जुनी आवृत्ती त्यात, तिथंच साइटवर ठेवून दिली. पुढच्या दाराला तो रुमालाआडून कुलूप लावत राहिला आणि मागचं कवाड सताड उघडं राहिलं. हे त्याला ठाऊक नव्हतं, आणि त्याच्या आजूबाजूला सांगणारंही कुणी नव्हतं.

यंदाच्या फेब्रुवारीत गहू दाणा भरायच्या बेताला आला होता. धरणातून पाणी सुटणार बुधवारी. वैजनाथनं मंगळवारी पाळीपत्रक साइटवर टाकलं, चौदाव्या दारापासून, नेहमीसारखं. मग आई गोजरबाईच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी तो तिला घेऊन नांदेडला गेला. तीन दिवस दवाखान्यात. बुधवारी विकासनं चारीवर उभं राहून मोबाइल उघडला, तर यादीत पहिलं दार आधी, मग दुसरं, मग तिसरं. त्यानं वैजनाथला फोन लावला. वैजनाथ ऑपरेशनच्या खोलीबाहेर बसलेला, फोन बंद केलेला, आणि तो परतेपर्यंत चालू करायचा राहूनच गेला. विकास मनाशी म्हणाला, भाऊनी टाकलं म्हणजे बराबरच असंल. उघडली दारं. तिसऱ्या दारावर वैजनाथची बायको मंजुषा होती. पाणी आलं, तिनं गव्हाला दिलं. तिला वाटलं यंदा काही नवीन ठरलं असेल. शुक्रवारी रात्री, ठरलेल्या तारखेला, कालवा बंद झाला तेव्हा पाणी नवव्या दारापर्यंत आलं होतं. दहा ते चौदा कोरडी.

चौदाव्या दारावर तांडा. तिथं रामसिंग राठोडचा दीड एकर गहू होता. ऐन भरायच्या वेळेला पाणी चुकलं तर दाणा चपटा राहतो, मग तुम्ही नंतर धरण आणून ओता.

वैजनाथ शनिवारी सकाळी परतला. आईला घरी सोडून दुकान उघडलं, वही उघडली. पाळीचा तक्ता गायब. म्हणजे वहीतलं ते पानच नाही! काय झालं कळेना. घाबरलेल्या माणसाला पहिली अक्कल सुचते ती झाकायची. कागदावरच्या टिपणावरून त्यानं सगळा तक्ता पुन्हा टाइप केला, चौदाव्यापासून, आणि कुणाला काही बोलला नाही. संस्थेची अब्रू जाऊ नये, एवढाच हेतू. पण नेमकं तेच त्याच्या अंगलट आलं. तासाभरानं रामसिंग चार माणसं घेऊन दुकानात आला. त्याच्या मोबाइलात बुधवारच्या यादीचा फोटो होता.

“ह्ये काय हाय?” रामसिंगनं विचारलं.

“मामा, म्या असं टाकलंच न्हाई. बघा ना, चौदापासून हाय.”

“आता हाय. बुधवारी नव्हतं. मंग मधी कुणी बदललं?”

रामसिंग खुर्ची ओढून समोर बसला आणि अगदी शांतपणे म्हणाला, “तुझ्या बिगर त्यात कुणाचा हात लागू शकतो का?”

इथं वैजनाथ खरं तर ‘तपासून सांगतो’ म्हणाला असता तर बरं झालं असतं. पण ज्या गोष्टीचा त्याला जन्मभर अभिमान, तिलाच रामसिंगनं हात घातला होता. तो ताठ झाला. “न्हाई. पासवर्ड माझ्या एकट्याकडं हाय. माझ्या बायकोला बी ठाऊक न्हाई.”

“मंग झालं की,” रामसिंग म्हणाला आणि उठला.

त्याच संध्याकाळपर्यंत सगळ्या चारीवर बोभाटा झाला. कुणी म्हणालं पोलिसात द्या, कुणी म्हणालं नांदेडला जायचं निमित्त मुद्दाम काढलं. अध्यक्ष रणजीतराव समजूतदार माणूस, पण त्यांच्या हातात फोटोशिवाय काही नव्हतं. शेवटी जुन्या माणसांनी जुना मार्ग काढला. सोमवारी महादेवाच्या देवळात वैजनाथनं बेलभंडारा उचलायचा. देवापुढचं बेलपान आणि भंडारा हातात घेऊन खरं ते बोलायचं. बोलला तर सुटला, कचरला तर सचिवपण गेलं. सचिवपणाचं त्याला काही नव्हतं, पोटाला दुकान होतं. पण व्यंकटराव पाटकऱ्याच्या पोरानं पाणी चोरलं, हे वाक्य एकदा चारीवर रुजलं की ते त्याच्या नातवंडांपर्यंत उगवत राहणार होतं, आणि बाप मेल्यावर त्याचं नाव बुडवणारा आपणच निघालो, हा विचार वैजनाथला सोडत नव्हता.

मंजुषा म्हणाली, “घ्या शपथ. खरं हाय तर भ्यायचं काहून?”

“भितो कुठं मी? चावी माझ्या एकट्याची हाय, हे मी महादेवापुढं काय, कुणापुढं बी सांगीन.”

हा शहाणा स्वतःच्या गळ्यात स्वतःच दोर अडकवून घ्यायला निघाला होता. चावी त्याची एकट्याची असेल, तर यादी बदलणाराही तोच, हे साऱ्या चारीला कळत होतं आणि त्याला एकट्याला कळत नव्हतं.

रविवारी रामसिंगची लेक पुजा तांड्यावर आली. ती पुण्यात एका कंपनीत कामाला. काम असं, की लोकांच्या परवानगीनं त्यांच्या वेबसाइटी तपासायच्या आणि कुठं भोक असेल तर चोराच्या आधी मालकाला सांगायचं. बापानं तिला गव्हाचं रान दाखवलं आणि शिव्या घालत सगळी हकिगत सांगितली. पुजानं रानाच्या कडेच्या धुऱ्यावर बसल्या बसल्या मोबाइलवर संस्थेचं नाव शोधलं. नाव आलं, आणि त्याच्याखाली पाणी नाही, पाळी नाही, परक्या देशातल्या जुगाराच्या जाहिराती. साइट उघडून बघितली तर वरून काहीच दिसत नव्हतं. सगळं आत दडवलेलं. तिच्या लक्षात आलं की या घरात कुणीतरी शिरून गेलंय. ती तशीच जवळा बाजारला वैजनाथच्या दुकानात आली. “काका, तुमच्या साइटला काहीतरी झालंय. मला जरा बघू देता?”

वैजनाथनं ती कुणाची लेक ते ओळखलं. त्यानं रुमाल कीबोर्डावर टाकला. “बघायचं त्ये उद्या देवळात बघ, माय.”

सोमवारी देवळात शंभरेक माणूस जमलं होतं. पुजाऱ्यानं पिंडीवरचं बेलपान उचललं, त्यावर चिमूटभर भंडारा ठेवला आणि वैजनाथच्या ओंजळीत दिलं. वैजनाथनं डोळे मिटले. “महादेवाला साक्ष ठेवून सांगतो, संस्थेची चावी माझ्या एकट्याच्या हातात...”

“काका, थांबा!”

बायकांच्या घोळक्यातून पुजा पुढं आली. “तेवढं म्हणू नका. ते खोटं होईल.”

कुजबुज झाली. रामसिंग उखडला. “पोरी, तू काहून मधी येऊन राहिली? पाणी आपलं गेलं!”

“पाणी तर गेलं, बापू. आता माणूस बी जाऊ द्यायचा का?” तिनं मोबाइल रणजीतरावांच्या हातात दिला. “ह्या जाहिराती वैजनाथकाकांनी टाकल्या असतील का? त्यांना इंग्रजीत अर्ज लिहायचा तर डिक्शनरी लागते.” लोक हसले. वैजनाथ हसला नाही, पण त्यानं डोळे उघडले. तिनं त्याच्याकडं वळून हळूच विचारलं, “काका, साइटवर कुठं जुनी आवृत्ती ठेवलीय का?”

वैजनाथनं बेलपान परत पिंडीवर वाहिलं. “ठिवलीय,” तो म्हणाला.

सगळी वरात दुकानात आली. आत मावली ती पाच माणसं, बाकी रस्त्यावर. पासवर्ड टाकायची वेळ आली. वैजनाथचा हात सवयीनं खांद्यावर गेला आणि तिथंच थांबला. पुजानं आपण होऊन तोंड भिंतीकडं फिरवलं. मग साइटवर कोण कधी आलं याची नोंद तिनं उघडून दाखवली. मंगळवारी संध्याकाळी, वैजनाथ नांदेडच्या गाडीत असताना, एका मिनिटात तीनशेच्या वर धडका. ‘बॅकअप’, ‘ओल्ड’, ‘टेस्ट’, मग हरेक भाषेतली तसलीच एकेक नावं लावून कुणीतरी दार चाचपत होतं. शेवटी ‘जुनं’. ते उघडलं.

“माणसाचं बोट एवढं चालत न्हाई,” ती बापाकडं बघून म्हणाली. “हे प्रोग्राम असतेत. ह्या जुन्या आवृत्तीत एक भोक होतं. बनवणाऱ्यांनाच ते सापडलं, त्यांनी साऱ्या जगाला सांगितलं, नवीन घ्या. साधूनं ऐकलं तसं चोरानं बी ऐकलं. तेव्हापासून ते साइट-साइट फिरून राहिलेत. जुनी आवृत्ती सापडली की पासवर्ड न मागता आत. त्यांना गहू ठाऊक न्हाई, तांडा ठाऊक न्हाई. जाहिराती चिकटवायच्या नादात त्यांनी वही खरडली, त्यात पाळीचा तक्ता पुसला गेला.”

“मंग यादी उलटी कशी झाली?” रणजीतरावांनी विचारलं.

याचं उत्तर वैजनाथनं दिलं. तो स्टुलावर बसला होता. “ती म्याच केली. तक्ता न्हाई सापडला तर दारांच्या नंबरानं यादी दाखव, असं म्याच साइटला सांगून ठिवलं व्हतं. पान कोरं दिसू नये म्हणून. नंबरानं म्हणजे एकपासून.” मग तो उठून रामसिंगसमोर उभा राहिला. “मामा, चोरी म्या न्हाई केली. पण कवाड म्याच उघडं ठिवलं, आन् तक्ता गेलेला दिसल्यावर तुमाला सांगायच्या ऐवजी गुपचूप परत लिहिला. हरीश साहेबांनी सांगितलं व्हतं, जुनं पुसा. म्या न्हाई पुसलं. तुमचा गहू माझ्यामुळं गेला.”

पुजानं वैजनाथला ‘जुनं’ पुसायला लावलं. संगणकानं विचारलं, खरंच पुसू का? वैजनाथनं बराच वेळ त्या प्रश्नाकडं बघितलं आणि मग बटण दाबलं. पुढचे दोन तास ती बसून होती. दडवलेल्या जाहिराती काढल्या, पासवर्ड बदलायला लावला, वहीचं पान बाहेरच्या कुणाला उघडणारच नाही अशी सोय केली, तक्ता सापडला नाही तर साइटनं यादी दाखवायचीच नाही, सरळ सचिवाला विचारा म्हणायचं, असं करून दिलं. दर महिन्याला कोणती नवीन आवृत्ती आली ते कसं बघायचं, हे तिनं त्याला वहीत लिहून दिलं. वैजनाथनं चहा मागवला, भजी मागवली, पुन्हा चहा मागवला. तिला काय देऊ अन् काय नको असं त्याला झालं होतं. ज्याचं पाणी गेलं त्याच्याच लेकीनं आपलं नाव वाचवलं. तिनं गप्प बसायचं म्हटलं असतं तर तिला कोण विचारणार होतं? त्यानं दोनदा आभार मानायला तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा तिच्यापुढं बशीच सरकवली. तिसऱ्यांदा पुजाच म्हणाली, “राहू द्या काका, भजी गार होतात.”

दुपारी देवळाच्या सभामंडपात संस्थेची बैठक भरली. पहिला ठराव पाण्याचा. पुढच्या आवर्तनात दहा ते चौदा या दारांना एक दिवस जादा, आणि तो दिवस वरच्या नऊ दारांनी आपल्या पाळीतून द्यायचा. वैजनाथनं आपली सगळीच पाळी देऊ केली. तो ठराव झाला. इतिवृत्त लिहायचं काम सचिवाचं, म्हणून मांडीवर रजिस्टर घेऊन वैजनाथच लिहीत होता. लिहून झाल्यावर त्यानं पेन खाली ठेवलं आणि सचिवपण सोडत असल्याचं सांगितलं.

रणजीतरावांनी सभेकडं पाहिलं. “वैजनाथनंच काम बघावं असं कुणाला वाटत असंल तर ठराव मांडा. सूचक पायजे.”

तिसऱ्या दारावरची भावकी मान खाली घालून बसली होती. आपल्याच माणसाचं नाव घेतलं तर लोक म्हणतील, बघा, वरच्यांची मिलीभगत. मधल्या दारांवरची माणसं एकमेकांकडं बघत होती. वैजनाथनं मनाशी सचिवपण सोडून दिलं. त्याला वाईट वाटलं नाही असं नाही. पण चोर म्हणून जात नव्हता, एवढ्यावर तो देवाचे उपकार मानायला तयार होता.

“मी हाय सूचक,” मागून आवाज आला. रामसिंग खांबाला टेकून बसला होता, तो उठून पुढं आला. “गहू माझा गेला, म्हणून म्याच सांगतो. आपली चूक असं चार लोकांत तोंडावर सांगणारा माणूस मला ह्या चारीवर दुसरा दाखवा. लिही रे, वैजनाथ.”

वैजनाथनं पेन उचललं. ‘ठराव क्रमांक दोन’ लिहिलं. पुढं ‘सूचक’ लिहिलं आणि तिथं पेन अडलं.

“काहून थांबला?” रामसिंगनं विचारलं.

“दिसून न्हाई राहिलं, मामा,” वैजनाथ म्हणाला. रजिस्टरावर टपटप पाणी पडत होतं.

रामसिंग त्याच्या शेजारी मांडी घालून बसला. चौथीत शाळा सुटलेला माणूस, सहीपुरतं लिहिणारा. त्यानं वैजनाथच्या हातातलं पेन काढून घेतलं, रजिस्टर आपल्या मांडीवर ओढलं आणि सूचकाच्या जागी एकेक अक्षर गिरवत आपलं नाव आपणच लिहिलं.